मोटर कोणी जाळली?

कोकणातल्या आमच्या वस्तीत ज्या घरातलं कोणीच आखातात गेलेलं नाही, असं घर शोधून काढावं लागेल. कोणी तेलाच्या कंपनीत, कोणी जहाजावर, कोणी अरबाच्या घरी ड्रायव्हर. मी मात्र २२ वर्षं एका गोल्फ क्लबाच्या वर्कशॉपमध्ये काढली. हे सांगितलं की लोक आधी हसतात. वाळवंटात गोल्फ कुठून आला, म्हणून विचारतात. आला खरा. दुबईत १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लब सुरू झाला, ते त्या भागातलं गवताचं पहिलं मोठं मैदान. त्याआधी तिकडचे गोरे साहेब वाळूवरच खेळायचे. खड्ड्याभोवतीची जागा तेल घालून दाबलेल्या वाळूची असायची, आणि 'ग्रीन'ऐवजी ते तिला 'ब्राउन' म्हणायचे. माझा क्लब दुसरा, नंतरचा. तिथे विजेवर चालणाऱ्या ८० गाड्या होत्या आणि त्यांना रोज पहाटे खेळायला तयार ठेवणं हे आम्हा चौघांचं काम.

गोल्फ कार्ट आता आपल्याकडेही अनोळखी राहिलेली नाही. विमानतळावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाते ती, मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात फिरते ती, रिसॉर्टमध्ये पाहुण्यांचं सामान खोलीपर्यंत नेते ती. सीट उचलली की खाली बॅटऱ्यांची रांग दिसते. मागच्या आसाला चिकटून मोटर असते. आणि या दोघांच्या मध्ये, हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा, ॲल्युमिनियमचा एक डबा असतो. तो कंट्रोलर. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी धरली, तर कंट्रोलर हा तिचा नळ. पायाखालचा पॅडल जितका दाबाल तितका तो नळ उघडतो.

हे सगळं सांगण्याचं कारण माझे दोन भाचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, मुलगे. त्यांची नावं इथे देत नाही. आमच्या मोहल्ल्यात ती सगळ्यांना ठाऊक आहेत आणि बाकीच्यांना त्यांची गरज नाही.

दूल्हाभाई गेले तेव्हा मोठा कामाला लागला होता, धाकटा कॉलेजात होता. मोठा दुबईला गेला आणि तिथेच रुळला. धाकटा कतारला गेला, पण २०२० मध्ये कोरोनात काम सुटलं आणि तो परत आला. परत जायचं नाही असं त्याने ठरवलं. मला ते आवडलं होतं. दापोली तालुक्यात समुद्रालगतच्या डोंगरावर एक रिसॉर्ट आहे. खाली किनारा, वर खोल्या आणि मधे नागमोडी सिमेंटचा रस्ता. पाहुण्यांना खालून वर आणायला त्यांना गाडी हवी होती. धाकट्याने पुण्याकडच्या एका गृहसंकुलातून सहा माणसांची जुनी गोल्फ कार्ट घेतली. अर्धे पैसे त्याचे, अर्धे मोठ्याचे. रिसॉर्टशी महिन्याचा ठराव झाला आणि गावातला १९ वर्षांचा एक पोरगा चालवायला ठेवला.

गाडी सपाट जागेसाठी बनलेली. पुण्याच्या त्या सोसायटीत तिला चढ कसला तो माहीत नव्हता. इथे सहा माणसं बसली आणि वळणावर आली की ती दम खायची. एखाद्या वेळी तर वळणाआधी दोघांना उतरवून चालत न्यावं लागे. धाकट्याने हे मोठ्याला सांगितलं. मोठ्याने दुबईत चौकशी केली, व्हिडिओ पाहिले, आणि ५०० ॲम्पियरचा कंट्रोलर घेतला. जुना २५० चा होता. गावातला एक जण सुट्टीवर येत होता, त्याच्या बॅगेत निडोचा डबा, टँग आणि आपासाठी एक ब्लँकेट, त्याबरोबर तो डबाही आला.

धाकट्याने तो स्वतः बसवला. पहिले काही दिवस घरात ईदच होती म्हणा ना. सहा माणसं घेऊन गाडी तो चढ न थांबता चढते आहे, असे व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर रोज यायचे. मोठा खाली लिहायचा, "बघितलंस?" मीही एकदा अंगठा दाखवला असेन. त्या व्हिडिओत गाडी दिसत होती, समुद्र दिसत होता. जे बघायला हवं होतं ते त्यात नव्हतं.

तीन आठवड्यांनी गाडी हट्ट करायला लागली. पॅडल दाबलं तरी हलायची नाही. पोरगा उतरून तिला हातभर ढकलायचा आणि मग ती सुरू व्हायची. पाहुणे हसायचे. मग एके दिवशी दुपारी सीटखालून धूर आला आणि ती जागीच बसली. नोव्हेंबर संपत आला होता. पुढे डिसेंबर, म्हणजे कोकणातल्या रिसॉर्टवाल्यांच्या कमाईचा महिना. रिसॉर्टच्या मॅनेजरने आठ दिवस दिले. नाहीतर दुसरी गाडी लावतो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

आपाचा फोन आला तो रात्री इशानंतर. ती रडत नव्हती. ती सहसा रडत नाही. एवढंच म्हणाली, "तू ये आणि बघ. या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय."

झालं होतं ते असं. धाकटा म्हणत होता, तू स्वस्तातला माल पाठवलास, त्यानेच मोटर जाळली. मोठा म्हणत होता, माल चांगलाच होता, तू वायरी उलट्यासुलट्या जोडल्यास. हे इतक्यावर राहिलं असतं तर मला बोलावण्याची वेळ आली नसती. पण व्हॉइस मेसेज मोठे वाईट. समोर बसून माणूस जे गिळतो ते फोनच्या कानात ओततो. घराच्या स्लॅबला पैसे कोणी दिले, कतार सोडून कोण पळून आला, आईला दवाखान्यात कोण नेतं, सगळं निघालं. मोठ्याचा एक मेसेज आपाने मला ऐकवला: "मी पाठवायचं आणि तू जाळायचं, हेच चाललंय." त्या वाक्यातली मोटर कधीच बाजूला पडली होती.

मी खेडला राहतो. सकाळच्या एसटीने दापोली गाठली. पिशवीत मीटर, डीसीवर चालणारा टाँग टेस्टर, दोन-चार पाने आणि हॅकसॉची एक पाती.

धाकट्याने मला आधी कंट्रोलरकडे नेलं. मी त्या पोराकडे गेलो. आमचा फोरमन केरळचा होता, तो म्हणायचा, गाडीला हात लावण्याआधी ज्याने ती चालवली त्याला गाठ, मालकाला सर्वांत शेवटी विचार. पोरगा घाबरलेला होता. त्याला वाटत होतं, मामू त्याच्यावर ढकलायला आले आहेत. त्याला चहा पाजला आणि विचारलं, ढकलल्यावर गाडी सुरू व्हायची ती किती ढकलल्यावर? "जरासंच, मामू. चाक थोडं फिरलं की बस." हे ऐकलं आणि माझं अर्धं काम झालं.

का, ते सांगतो. या मोटरच्या पोटात फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या उभ्या पट्ट्यांचं एक नळकांडं असतं, त्याला कम्युटेटर म्हणतात. दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ पडदा. त्यावर स्प्रिंगने दाबलेले कार्बन ब्रश टेकलेले असतात आणि त्यांतून करंट आत जातो. काही पट्ट्या जळाल्या आणि गाडी थांबताना नेमक्या त्याच ब्रशखाली आल्या, तर करंटला वाट मिळत नाही. गाडी मेलेली वाटते. चाक बोटभर फिरलं, चांगली पट्टी ब्रशखाली आली, की गाडी जिवंत. कंट्रोलर बिघडला असता तर ढकलून सुरू झाली नसती. वायर चुकली असती तर पहिल्या दिवशीच कळलं असतं, तीन आठवडे कशाला लागले असते?

तरी नुसत्या अंदाजावर दोन भावांचा निवाडा करता येत नाही. मागची चाकं जॅकवर उचलली, कंट्रोलर बाजूला सोडवला आणि एका १२ व्होल्टच्या बॅटरीने मोटरला थेट करंट दिला. चाक हललं नाही. हाताने थोडं फिरवलं, पुन्हा दिला. गरगरलं, पण रडत-रखडत. मग मोटर खाली उतरवली. ब्रशवरची पत्र्याची पट्टी काढली आणि वास आला. जळक्या व्हार्निशचा हा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर जात नाही. आर्मेचर बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवलं.

कम्युटेटरवर चार जागी काळे डाग होते. चारच, आणि एकमेकांपासून बरोबर पाव-पाव फेऱ्याच्या अंतरावर. मोटरला ब्रशही चार, तेही तसेच बसवलेले. चालती मोटर तापून जळाली असती तर सगळं नळकांडं सारखं काळवंडलं असतं. चार ब्रशखाली चार डाग म्हणजे मोटर फिरत नव्हती. ती उभी होती आणि उभ्या उभ्या तिच्यातून भरमसाट करंट जात होता. एकदा-दोनदा नव्हे, रोज.

मी पोराला म्हटलं, "चल, तुझा रस्ता दाखव."

आम्ही चालत गेलो. चढाच्या मध्यावर एक वळण आहे. तिथे झाडं संपतात आणि अचानक खाली सगळा किनारा दिसतो. खरोखर सुंदर जागा. पाहुणे तिथे गाडी थांबवायला लावतात आणि फोटो काढतात. बसल्या बसल्याच काढतात, कारण उतरायला जागा अरुंद आहे. मी विचारलं, "थांबवतोस ती ब्रेक लावून?"

पोराने खाली बघितलं. मग सांगितलं. आधी तो ब्रेक लावायचा. पण ब्रेकची केबल सैल झालेली, आणि ब्रेक सोडून पॅडल दाबेपर्यंत गाडी हातभर मागे यायची. मागे दरी. बायाबापड्या ओरडायच्या. एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला चांगलंच झापलं होतं. नवा डबा बसला आणि त्याला एक सोपी गोष्ट सापडली. पॅडल अर्धवट दाबून धरलं की गाडी चढावर जागच्या जागी थांबते. ना पुढे ना मागे. ब्रेक नको, धक्का नको, ओरडा नको. फोटो झाले की थोडं जास्त दाबायचं, निघाली. "लोक म्हणायचे, किती छान चालवतोस."

जुन्या कंट्रोलरवर हे जमत नव्हतं. २५० ॲम्पियरमध्ये सहा माणसांची गाडी त्या चढावर तोलून धरण्याइतकं बळच नव्हतं. ती घसरायची, म्हणून पोराला ब्रेक लावावाच लागायचा. म्हणजे जिला सगळे दुबळेपणा म्हणत होते, तिच्यामुळेच मोटर वाचत आली होती. गाडी दम खायची, थांबायची, दोन माणसं उतरायची, आणि तेवढ्यात मोटर थंड व्हायची. नवा डबा आला आणि ही तक्रार बंद झाली. तक्रार बंद झाली म्हणून त्रास संपला असं सगळ्यांनी धरलं.

धाकट्याला हे पटेना. तो हुशार आहे, त्याने काही आंधळेपणाने काम केलेलं नव्हतं. म्हणाला, "मामू, मी त्याच वळणावर करंट मोजला होता. बॅटरीच्या केबलवर. फक्त ६५-७० ॲम्पियर होता! तेवढ्याने मोटर कशी जळेल?"

इथे भलेभले फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. कंट्रोलर हा साधा नळ नाही. तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. त्यामुळे बॅटरीकडून तो जास्त दाबाचा थोडा करंट घेतो आणि मोटरला कमी दाबाचा पुष्कळ करंट देतो. मोटर वेगात फिरत असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. पण मोटर उभी असेल तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हिशोब सोपा आहे. असल्या मोटरच्या पोटातल्या तांब्याचा अडथळा फार थोडा, साधारण ०.०२ ओहम धरा. त्यातून ४०० ॲम्पियर ढकलायला ८ व्होल्ट पुरतात. ८ गुणिले ४०० म्हणजे ३,२०० वॉट. बॅटरी ४८ व्होल्टची, तिच्याकडून त्यासाठी ६७ ॲम्पियर गेले की झालं. धाकट्याने मोजलेला आकडा खराच होता. तो फक्त नळाच्या चुकीच्या बाजूला उभा राहून मोजत होता.

आणि हे ३,२०० वॉट जातात कुठे? गाडी हलत नाही, म्हणजे काम शून्य. सगळ्याची उष्णता होते. हजार वॉटच्या तीन इस्त्र्या एका बंद डब्यात चालू ठेवाव्यात तसं. मोटर फिरत असती तर वारा तरी खेळला असता, करंट सगळ्या पट्ट्यांवर वाटला गेला असता. इथे चारच जागा, आणि फोटो संपेपर्यंत त्याच. आणखी एक. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. २०० ॲम्पियरला ८०० वॉट, ४०० ला ३,२००. चांगल्या मोटरच्या वायरीवरचं आवरण १५५ किंवा १८० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं. त्यापुढे ते कोळसा व्हायला लागतं आणि शेजारच्या दोन वायरी एकमेकींना भिडतात.

शिवाय गाडीचे टायर. ही गाडी मुळात १८ इंची चाकांची. आधीच्या मालकाने ऐटीसाठी २२ इंची बसवले होते. चाक मोठं झालं की तोच चढ चढायला मोटरला सुमारे २२ टक्के जास्त जोर लावावा लागतो. लहान मुलाला बापाची सायकल दिल्यासारखं. या टायरकडे कोणी बघितलंच नव्हतं, कारण ते गाडीबरोबर आले होते.

संध्याकाळी, असर झाल्यावर, मोठ्याने पाठवलेल्या डब्याबरोबरचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. त्यात एक ओळ होती जिच्यावर दोघेही भाऊ विसंबले होते: तापमान वाढल्यास करंट आपोआप कमी होतो. खरं आहे, होतो. पण कोणाचं तापमान? कंट्रोलरचं स्वतःचं. ताप मोजणारा काटा त्या डब्याच्या आत बसवलेला आहे. मोटर तिथून दोन हात लांब, तिच्या पोटात काय चाललंय हे त्या डब्याला कळण्याचा मार्गच नाही. तो आपला जीव सांभाळतो. त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण विकणाऱ्यांनी हे मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत होती, असं मला वाटलं आणि अजून वाटतं. पत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात 'मोटर योग्य क्षमतेची असावी' असं होतं. योग्य म्हणजे किती, ते नव्हतं.

क्लबात आमच्याकडे असे सभासद यायचे, ज्यांना स्वतःच्या गाडीचा वेग वाढवून हवा असायचा. या गाड्या कारखान्यातून ताशी २० ते २५ किलोमीटरच्या आसपास बांधलेल्या असतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑगस्टा गावाभोवती त्यांचे मोठे कारखाने आहेत. तिथे हे सगळे भाग एकमेकांच्या मापाने ठरवतात: अमुक मोटर, म्हणून अमुक जाडीची केबल, म्हणून अमुक कंट्रोलर. एक बदलला की बाकीच्यांना विचारावं लागतं. फोरमन त्या सभासदांना नाही म्हणत नसे. तो कागद घ्यायचा आणि कंट्रोलरच्या किमतीखाली मोटर, केबल, सोलेनॉइड, ब्रेक, असं सगळं लिहून बेरीज दाखवायचा. बहुतेक जण बेरीज बघून आहे त्या वेगावर खूश व्हायचे.

रात्री जेवणं झाल्यावर मी मोठ्याला व्हिडिओ कॉल लावला. आर्मेचर समोर वर्तमानपत्रावर, आपा भिंतीला टेकून, धाकटा दारात उभा. आत यायला तयार नव्हता. मी फोन कम्युटेटरवर धरला आणि चारही डाग एकेक करून दाखवले. वायरी बरोबर जोडल्या होत्या, सांगितलं. थिंबल नीट दाबलेले होते, केबलही त्याने स्वतःच्या पैशाने १६ ऐवजी ३५ चौरस मिलिमीटरची टाकली होती. हे त्याने कोणाला सांगितलेलं नव्हतं. कंट्रोलरही चांगला होता, हेही सांगितलं. दुपारी तो तपासला होता आणि त्यात काहीही बिघाड नव्हता. मग वळणाची, फोटोंची, पोराच्या पॅडलची गोष्ट सांगितली.

मोठा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "मामू, ते वळण मला माहीतच नव्हतं."

कसं असणार? तो तिथे कधी गेलाच नव्हता. गाडी घेतल्यापासून त्याची एकही सुट्टी झाली नव्हती. त्याने व्हिडिओत पाहिलेला रस्ता म्हणजे अर्ध्या मिनिटाचा रस्ता. दारातून धाकटा म्हणाला, "तू आलास तर नेतो ना." एवढंच. आपाने पदर सारखा केला आणि चहा ठेवायला उठली. रात्री साडेदहाला आमच्याकडे कोणी चहा पीत नाही.

बाकीचं काम सरळ होतं. आर्मेचर घेऊन आम्ही चिपळूणला एका रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. जुना कारागीर, बोलतो कमी. त्याने ते ग्राउलरवर ठेवलं आणि माझ्याकडे हात केला. मी हॅकसॉची पाती दिली. ग्राउलर म्हणजे विजेचं चुंबक. त्यावर आर्मेचर हळूहळू फिरवत वर पाती धरायची. जिथली वायर आतल्या आत भिडलेली असेल तिथे पाती माशीसारखी थरथरते. तीन जागी थरथरली. पूर्ण गुंडाळणी नव्याने करावी लागली, कम्युटेटर खराद मारून साफ केला, पट्ट्यांमधला अभ्रक कोरून खाली घेतला, ब्रश आणि बेअरिंग नवे. साडेनऊ हजार रुपये आणि पाच दिवस. मॅनेजरचे आठ दिवस चुकले नाहीत.

मोटर बसवल्यावर धाकट्याला मी एक गोष्ट दाखवली. सपाटीवर गाडीची चाकं भिंतीला टेकवून, पॅडल अगदी हलकेच दाबलं. माझा टाँग टेस्टर आधी बॅटरीच्या केबलवर: १७. मग मोटरच्या केबलवर: २००. चार मोजायच्या आत पाय काढला. तो काही बोलला नाही, पण आकडे त्याने मोबाइलवर टिपून भावाला पाठवले. कित्येक दिवसांतला त्याचा भावाला गेलेला तो पहिला मेसेज, आणि त्यात दोन आकड्यांशिवाय काही नव्हतं.

कंट्रोलर तोच ठेवला. त्यात करंटची मर्यादा बदलता येते. ५०० वरून ३०० वर आणली. गाडी आता वळणावर पूर्वीपेक्षा बरी चढते, व्हिडिओतल्यासारखी नाही. सहाऐवजी पाच माणसं घ्यायची, हे मॅनेजरला मी स्वतः सांगितलं. त्याने कुरकुर केली आणि मानलं. ब्रेकची केबल नवी टाकली, नीट ताणली. पोराला वळणावर दहा वेळा थांबवून, ब्रेक लावून, निघायला लावलं. मागच्या चाकाला टेकवायला लाकडाची एक पाचरही दिली. मोटरवर हात ठेवून बघायची सवय लावली: हात टिकला तर चालव, टिकला नाही तर थांबव. ताप मोजायचं याहून स्वस्त यंत्र नाही.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण आता आपल्या घराघरांत विजेच्या स्कूटर आल्या आहेत, ई-रिक्षा आल्या आहेत, आणि गॅरेजमधली पोरं 'पिकअप वाढवून देतो' म्हणून त्यांचे कंट्रोलर बदलून देतात. त्या मोटरींना सहसा ब्रश नसतात, त्यामुळे डाग वेगळे पडतील. उष्णतेचा हिशोब तोच आहे. कोणी कंट्रोलर बदलायला सांगितला, तर त्याला एवढंच विचारा की मोटर किती ॲम्पियरची आणि किती वेळ सोसेल. जो उत्तर देईल त्याच्याकडून काम करून घ्या.

पैशांचं म्हणाल, तर साडेनऊ हजार धाकट्याने भरले. मोठ्याने अर्धे पाठवले. धाकट्याने ते परत पाठवायला घेतले तेव्हा आपाने फोन हातातून काढून घेतला आणि पैसे तिच्या खात्यावर ठेवायला लावले. का, ते तिने सांगितलं नाही. मोठा एप्रिलमध्ये येतोय. टायर मात्र अजून २२ इंचीच आहेत. धाकट्याला ते दिसायला आवडतात. पावसाळ्यात गाडी बंद असेल तेव्हा बदलू म्हणतो.